लाखाचा स्कोप भंगाराच्या भावात का मिळतो?

पुण्याच्या जुन्या बाजारात पाने-पक्कड, गंजके व्हाइस आणि बंद पडलेले मिक्सर यांच्या गर्दीत मधूनच एखादा जडशीळ करडा खोका बसलेला दिसतो. एका बाजूला हिरवट काचेचा पडदा, बाकी अंगभर नॉबच नॉब. तो ऑसिलोस्कोप. नवा होता तेव्हा त्याच्या खरेदीसाठी एखाद्या संस्थेत मंजुरीच्या फायली फिरल्या असतील. आज विकणारा तीन-चार हजार सांगतो आणि तुम्ही पाठ फिरवली की हाक मारून आणखी खाली उतरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गाळ्यांत, बंगळुरूच्या एसपी रोडवर आणि हल्ली ऑनलाइनही हाच प्रकार दिसतो.

इंजिनीअरिंगची मुलं, इन्व्हर्टर आणि एलईडी टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर, भोसरी-अंबडसारख्या एमआयडीसीतले छोटे कारखानदार यांना हे पाहून एकच कोडं पडतं. एवढं स्वस्त म्हणजे यात खोट असणारच, की आपलंच नशीब जोरावर आहे? बहुतेक वेळा दोन्ही उत्तरं चुकीची असतात. ही स्वस्ताई अगदी हिशेबी कारणांनी आलेली असते. ती कारणं कळली की सौदा आपल्या कामाचा आहे की नाही, हेही कळतं.

आधी, हे डबे करतात काय?

मल्टिमीटर आकडा सांगतो: इथे बारा व्होल्ट आहेत. ऑसिलोस्कोप, म्हणजे आपल्याकडे कॉलेजात ज्याला सरसकट सीआरओ (कॅथोड रे ऑसिलोस्कोप) म्हणतात तो, त्या बारा व्होल्टचा आलेख काढतो. मीटरवर स्थिर दिसणारे बारा व्होल्ट प्रत्यक्षात सेकंदाला शंभर वेळा हेलकावे खात असतील, तर ते स्कोपवरच दिसतं. पॉवर सप्लाय हवा तितका व्होल्टेज देतो, सिग्नल जनरेटर हव्या त्या वारंवारितेचा संकेत देतो, आणि स्पेक्ट्रम ॲनालायझर एखाद्या संकेतात कोणकोणत्या वारंवारिता मिसळल्या आहेत ते वेगवेगळं करून दाखवतो. या लेखापुरती एवढी मंडळी पुरे.

स्कोपच्या जाहिरातीत २० मेगाहर्ट्झ, १०० मेगाहर्ट्झ असं लिहिलेलं असतं ती त्याची बँडविड्थ, म्हणजे किती झपाट्याने बदलणारा संकेत तो पकडू शकतो त्याची मर्यादा. या आकड्याबद्दल गैरसमज फार आहेत. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर १०० मेगाहर्ट्झचा संकेत जसाच्या तसा दिसत नाही. त्या टोकाला त्याची उंची जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसते. चौकोनी लाटेचे कोपरे तर त्याच्या कितीतरी आधी गोलावायला लागतात. म्हणून ठोकताळा असा, की डिजिटल सर्किटच्या वारंवारितेच्या निदान पाचपट बँडविड्थ हवी. ॲम्प्लिफायर, इन्व्हर्टर, चार्जरचा सप्लाय, एलईडी ड्रायव्हर यांच्यासाठी २० मेगाहर्ट्झ पुरून उरतात. विकणारा पाचशे मेगाहर्ट्झच्या यंत्राचं कितीही कौतुक करू दे, तुमचं काम कशाचं आहे हा प्रश्न पहिला.

किंमत पडते कशाने?

पहिलं कारण हिशेबाच्या वहीत आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात प्रयोगशाळेच्या साधारण उपकरणांचं आयुष्य १० वर्षं धरलं आहे. शिक्षणसंस्थांमधल्या उपकरणांचं तर फक्त ५. त्यानंतर उरणारी किंमत मूळ किमतीच्या ५ टक्क्यांच्या वर सहसा धरत नाहीत. म्हणजे पाच लाखांचा स्कोप दहा वर्षांनी कागदोपत्री जेमतेम पंचवीस हजारांचा. टेबलावर तो पहिल्या दिवशीसारखाच चालत असेल, पण वहीच्या दृष्टीने त्याचं आयुष्य संपलेलं असतं. अशा वस्तूचे किती आले याची चिंता कंपनीत कुणी फारशी करत नाही. जागा मोकळी झाली की झालं.

मग लिलाव. सरकारी कंपन्या आणि खात्यांचा जुना माल विकण्यासाठी १९६४ साली स्थापन झालेली एमएसटीसी आहे, खासगी कंपन्यांचे आपापले ठेकेदार असतात. लिलावात माल सुटा नसतो, लॉट असतो: वीस खुर्च्या, सहा यूपीएस, दोन एसी आणि त्यातच तीन स्कोप. अट ठरलेली: जेथे आहे, जसे आहे. बोली जिंकणारा बहुधा भंगाराचा व्यापारी. त्याच्या लेखी त्या स्कोपमध्ये ॲल्युमिनियम किती, ट्रान्सफॉर्मरात तांबं किती, एवढंच. त्याच्याकडून तो थोड्या जाणकार दुकानदाराकडे येतो आणि तिथून बाजारात. वाटेत कुणीही त्यावर एक दिवस खर्च करून तो नीट तपासलेला नसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तंत्रज्ञान बदललं की माल एकदम येतो. मोबाइलच्या टूजी आणि सीडीएमएच्या काळात फोन तपासायला महागडे टेस्ट सेट लागायचे. रोड अँड श्वार्झचा सीएमयू २०० हा त्यातला गाजलेला. मोबाइलची पिढी बदलली, त्याची गरज संपली आणि जगभरच्या सर्व्हिस सेंटरांतून तो बाहेर पडला. फोन तपासण्यासाठी आता त्याला कुणी विचारत नाही. पण त्याच्या पोटात २.७ गिगाहर्ट्झपर्यंत चालणारा सिग्नल जनरेटर आणि संकेत मोजणारी यंत्रणा आहे, आणि हौसेने रेडिओ प्रक्षेपण करणाऱ्या हॅम रेडिओवाल्याला नेमकं तेच हवं असतं.

उत्पादकाने पाठिंबा काढून घेणं हे आणखी एक कारण. एका तारखेनंतर कंपनी सुटे भाग आणि दुरुस्ती देणं थांबवते. ज्या कारखान्यात एक यंत्र बंद पडलं तर अख्खी लाइन थांबते, तिथे असं उपकरण धोक्याचं. घरच्या टेबलावर ते महिनाभर उघडं पडलं तरी काही बिघडत नाही.

सगळ्यात मोठं कारण: शिक्का

वाण्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आठवा. त्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी होते आणि शिक्का लागतो. मुदत उलटली म्हणून काटा त्या रात्री बिघडत नाही. काल किलोला किलो दाखवणारा आजही तेच दाखवतो, पण वाण्याला त्यावर गिऱ्हाइकाला माल तोलून देता येत नाही. घरी पापडाचं पीठ मोजायला मात्र तो उत्तम.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या बाबतीत या शिक्क्याची जागा कॅलिब्रेशन घेतं. उपकरणाचं वाचन त्याहून अचूक प्रमाणाशी ताडून पाहायचं आणि किती फरक पडतो ते लिहून द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. ही साखळी वर वर जात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या प्रमाणांपर्यंत पोचते. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे आणि नॉब फिरवून 'सेट करणं'ही नव्हे. तो वेगळा उद्योग, त्याला ॲडजस्टमेंट म्हणतात. एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, त्याची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र असेल तरच वाहन कंपनी सहसा तिच्या पुरवठादाराचे मोजमापाचे कागद स्वीकारते. त्यामुळे औद्योगिक वापरात उपकरणाच्या किमतीत हा कागद दरवर्षी मिळत राहील याची हमीही धरलेली असते.

भंगारात आलेल्या स्कोपवर चिकटलेलं, 'पुढील कॅलिब्रेशन' असं लिहिलेलं आणि केव्हाच मुदत उलटलेलं स्टिकर पाहून पुष्कळ लोक बिचकतात. खरं तर ती चांगली खूण. निदान तोवर तरी कुणीतरी त्याची काळजी घेत होतं.

म्हणजे स्वस्तात मिळतं ते यंत्र, खात्रीशिवाय. खात्री तुम्हाला स्वतः करून घ्यायची आहे. ती करता येत असेल किंवा शिकायची तयारी असेल, तर बाजार तुमचा. छापील कागदच हवा असेल, तर वाचलेले पैसे कागदात जातील.

त्याच पैशात नवा चिनी स्कोप मिळतो, मग जुना कशाला?

हा आक्षेप रास्त आहे आणि दहा-बारा वर्षांपूर्वीपेक्षा आज जास्तच रास्त आहे. रिगॉलच्या डीएस१०५४झेडने चार चॅनलचा, म्हणजे एका वेळी चार संकेत दाखवणारा डिजिटल स्कोप हौशी माणसाच्या आवाक्यात आणला, आणि सिग्लेंट, हॅनटेक, ओवॉन असे सगळेच मैदानात आहेत. जुन्या पडदानळीच्या सीआरओची एक मर्यादा कशानेही जात नाही: तो फक्त पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट नीट दाखवतो. रिले पडताना एकदाच उडालेली ठिणगी किंवा बटण दाबल्यावर एकदाच गेलेला डेटा त्याच्या पडद्यावर चमकून जातो आणि संपतो. डिजिटल स्कोप ते धरून ठेवतो. मायक्रोकंट्रोलर शिकणाऱ्याला तेच लागतं.

माझं मत विचाराल, तर आयुष्यातला पहिला स्कोप नवा डिजिटल घ्यावा. जुना घ्यायचाच तर टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस १००० किंवा २००० मालिकेसारखा, कॉलेजांतून बाहेर पडणारा डिजिटल. अपवाद एकच: ॲनालॉग सीआरओ कुणी जवळजवळ फुकट देत असेल तर सोडू नका. ठाण्याच्या ॲपलॅबचे, इंदूरच्या सायंटिफिकचे सीआरओ आपल्या कॉलेजांनी वर्षानुवर्षं वापरले, त्यांचे भाग आणि ते जाणणारे हात दोन्ही इथे सापडतात. काही मॉडेलांत कंपोनंट टेस्टरची दोन भोकं असतात. बोर्ड बंद ठेवून डायोड किंवा ट्रान्झिस्टरला तिथून दोन तारा लावल्या की पडद्यावर त्याची आकृती उमटते. दुरुस्तीवाल्यांना तेवढ्यासाठीच तो सीआरओ सोडवत नाही.

जुन्याची खरी मजा स्कोपमध्ये नाहीच. ती बाकीच्या उपकरणांत आहे. मेमरी, प्रोसेसर, पडदा या गोष्टी दर वर्षी स्वस्त होतात, म्हणून ज्या उपकरणाचा जीव त्यांच्यात आहे ते नवंच बरं. पण उत्तम रेझिस्टर, स्थिर व्होल्टेज रेफरन्स, जाड तांब्याचा ट्रान्सफॉर्मर, नीट बांधलेलं रेडिओ वारंवारितेचं सर्किट यांना तसं स्वस्त होता येत नाही. एचपीचा ३४४०१ए हा साडेसहा आकडी टेबल-मल्टिमीटर १९९० च्या दशकातला. आजही तो कित्येक प्रयोगशाळांत रोजच्या कामाला आहे. तो रास्त भावात सापडला, तर स्वस्त नवा मीटर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. लिनिअर पॉवर सप्लायचंही तसंच. वजनाने हात मोडेल, पण आतला ट्रान्सफॉर्मर एक पिढी चालतो.

उलट एक उदाहरण द्यायला हवं. रेडिओच्या सर्किटांचं आणि अँटेनांचं मोजमाप करणारा नेटवर्क ॲनालायझर एके काळी टेबल व्यापणारा आणि फक्त मोठ्या संस्थांना परवडणारा होता. २०१९ च्या सुमारास तळहातावर मावणारा नॅनोव्हीएनए आला आणि हौशी कामापुरतं तरी जुन्या धुडांचं आकर्षण संपवून गेला. जुनं ते सोनं ही म्हण इथे चालत नाही.

काउंटरवर उभं राहून काय बघायचं?

आधी डोळे. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर आत कुणाचा तरी हात जाऊन आला आहे. कंपनीची मालमत्ता-पट्टी खरवडून काढलेली असेल तर पावती मागा. पावतीचं नाव काढल्यावर दुकानदाराचा चेहरा बदलला तर निघा. 'चालू करून दाखवतो' म्हणणाऱ्याला चांगला भाव द्या. 'सॉकेट नाहीये हो इथे' म्हणणाऱ्याला सुट्या भागांचाच.

वीज जोडण्याआधी मागच्या बाजूचा व्होल्टेज निवडायचा खटका बघा. अमेरिकेतून आलेला माल ११५ व्होल्टवर ठेवलेला असतो आणि आपल्या २३० वर जोडला की काही क्षणांत सगळा व्यवहार संपतो. हे फार लोकांच्या बाबतीत होतं, म्हणून सगळ्यात आधी तेच.

स्कोप चालू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या, तोवर चहा घ्या. थंड यंत्र बरंच काही लपवतं. मग स्वतःचा प्रोब, म्हणजे सर्किटातला संकेत स्कोपपर्यंत आणणारी टोकदार तार, काढा. दुकानातल्या प्रोबवर विसंबू नका. शिवाय सौद्यात प्रोब मिळत नसेल तर त्याचे पैसे भावातून वजा करा, चांगले प्रोब स्वस्त नसतात. जवळजवळ प्रत्येक स्कोपच्या पुढच्या पट्टीवर एक छोटा हूक असतो, शेजारी 'कॅल' किंवा 'प्रोब ॲडजस्ट' लिहिलेलं आणि बहुधा व्होल्टही छापलेले. तिथे साधारण एक किलोहर्ट्झची चौकोनी लाट येत असते. प्रोब तिथे अडकवा आणि वेळेचा नॉब एका घराला एक मिलिसेकंद यावर ठेवा: प्रत्येक घरात एक पूर्ण लाट दिसली पाहिजे. ०.२ मिलिसेकंदावर आणा: एक लाट पाच घरं व्यापेल. जुन्या यंत्रात या हुकाची वारंवारिता नेमकी नसते, त्यामुळे थोडं इकडेतिकडे चालतं. पण नॉबच्या दोन टप्प्यांमधलं प्रमाण बिघडलेलं दिसलं, तर गडबड आहे. आता उंचीचा नॉब एकेक टप्पा फिरवा आणि छापलेल्या व्होल्टशी ताडा. मग तोच प्रोब दुसऱ्या चॅनलवर. एखाद्या टप्प्यावर खरखर झाली आणि रेघ नाचली, तर संपर्कावर मळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने बहुधा जातो. एखादा टप्पा साफ मेलेला असेल, तर आतला ॲटेन्युएटर, म्हणजे मोठा संकेत लहान करणारा भाग, गेला आणि तो मिळणं अवघड. लाट जागेवर थांबते का, की सारखी पळते, तेही पाहा. शेवटी उजेड कमी करून पडद्याकडे तिरकं बघा: वर्षानुवर्षं एकच रेघ उमटून काच तिथे भाजली असेल, तर ती दिसेल.

पॉवर सप्लायला नुसता मीटर लावून काही कळत नाही, त्याच्याकडून काम करून घ्या. मोटारीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब खिशात न्या. तो पेटल्यावर साडेचार अँपिअरच्या आसपास खेचतो, आणि थंड असताना त्याच्या तारेचा रोध इतका कमी असतो की क्षणभर कितीतरी जास्त. एका बल्बात दोन परीक्षा होतात: सप्लाय भार सोसतो का आणि करंटची मर्यादा वेळेवर आवळतो का. व्होल्टेजचा नॉब सावकाश फिरवताना आकडा मध्येच उसळला, तर त्या नॉबमागचा पोटेन्शिओमीटर बदलल्याशिवाय त्याला काहीही महाग जोडू नका.

हातातला मल्टिमीटर घेताना मागचं झाकण उघडून फ्यूज पाहा. चांगल्या मीटरात वाळू भरलेला सिरॅमिकचा जाड फ्यूज असतो. त्या जागी काचेचा बारीक फ्यूज किंवा, आपल्याकडे हमखास, तांब्याची तार गुंडाळलेली दिसली, तर त्या मीटरने घरातली मेन लाइन मोजू नका. तार न वितळता मीटर तुमच्या हातात फुटू शकतो.

स्पेक्ट्रम ॲनालायझरचा सगळ्यात हळवा भाग त्याच्या तोंडाशी, म्हणजे संकेत आत शिरतो तिथे असतो. एखाद्याने पाच वॅटचा वॉकीटॉकी थेट त्यात जोडला की तोंड जळतं, पण पडदा पूर्वीसारखाच उजळत राहतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. एचपीच्या ८५९० मालिकेत पुढच्याच बाजूला ३०० मेगाहर्ट्झचा, ठरावीक ताकदीचा तपासणीचा संकेत मिळतो. एका केबलने तो आत फिरवा. शिखर जागेवर आलं पण उंची खूप कमी, तर त्या यंत्राची किंमत शून्य धरा.

जुन्या यंत्रात काय मरतं?

कपॅसिटर. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत कंडेन्सर. इलेक्ट्रोलायटिक जातीचे आत वाळतात किंवा गळतात. टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस ५०० ते ७०० मालिकांत बोर्डावर चिकटवलेले बारके कपॅसिटर गळून खालचे ट्रॅक खातात, हा माहीतगारांच्या वर्तुळात जुना आजार आहे. बिघाड दिसायच्या आत ते बदलले तर यंत्र वाचतं. दुसरी जात रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर, विजेच्या प्रवेशाशीच बसवलेले. वीस-तीस वर्षांत त्यांच्या पारदर्शक पिवळसर आवरणाला बारीक चिरा पडतात, आत दमटपणा जातो. मग बऱ्याच वर्षांनी यंत्र चालू केलं की काही मिनिटांनी फट्ट आवाज, पांढरा धूर आणि दोन दिवस न जाणारा वास. घाबरून यंत्र टाकून द्यायचं कारण नाही. तो भाग काही रुपयांचा आहे आणि घरी आणल्यावर आधी बदलावा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी हवेत राहिलेल्या यंत्राबाबत तर नक्कीच.

बॅटरीवर जगणारी मेमरी हा जास्त कपटी प्रकार. काही उपकरणांत कॅलिब्रेशनचे आकडे अशा चिपमध्ये ठेवलेले असतात जिच्या पोटात छोटी बॅटरी असते. तिचं सांगितलेलं आयुष्य साधारण दहा वर्षांचं. बॅटरी संपली की आकडे पुसले जातात, आणि यंत्र ठणठणीत असूनही मोजमाप भलतंच दाखवतं. एचपीचा ३४५८ए, १९८९ साली आलेला साडेआठ आकडी मीटर, याच जातीचा. वर सांगितलेला ३४४०१ए मात्र आकडे बॅटरीविना टिकणाऱ्या मेमरीत ठेवतो. म्हणून मॉडेल ठरवताना विचारायचा पहिला प्रश्न: याचे कॅलिब्रेशनचे आकडे कुठे राहतात?

बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?

बहुधा तुम्हीच, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. टेक्ट्रॉनिक्स आणि एचपी त्या काळी यंत्राबरोबर सर्व्हिस मॅन्युअल द्यायचे. पूर्ण सर्किट, प्रत्येक बिंदूवर अपेक्षित व्होल्टेज आणि सर्किट कसं चालतं याचं प्रकरणच्या प्रकरण. १९७२ साली आलेल्या टेक्ट्रॉनिक्स ४६५ चं मॅन्युअल वाचून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले लोक जगभर आहेत. आजच्या नव्या स्कोपबरोबर असं काही मिळत नाही. बिघडला की बोर्डच बदला. जिम विल्यम्स हे ॲनालॉग सर्किटांचे नामांकित अभियंते. नव्या यंत्रांची त्यांना काही वानवा नव्हती, तरी त्यांचं टेबल जुन्या टेक्ट्रॉनिक्सने भरलेलं असायचं. २०११ साली ते गेल्यावर ते पसाऱ्याचं टेबल कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयात जसंच्या तसं मांडलं होतं.

मात्र खास त्या कंपनीने स्वतःसाठी बनवलेली चिप गेली असेल, तर मॅन्युअल वाचून काही उपयोग नाही. त्याच मॉडेलचा दुसरा मेलेला खोका शोधावा लागतो. म्हणून अनुभवी लोक दोन घेतात.

शॉक बसला तर?

हा प्रश्न घरच्यांचा असतो आणि तो गंभीरपणे घ्यावा. स्कोपच्या प्रोबला जो मगरीच्या तोंडाचा चिमटा असतो, तो स्कोपच्या पत्र्याला आणि तिथून प्लगच्या तिसऱ्या, अर्थिंगच्या पिनला जोडलेला असतो. आता टीव्हीच्या किंवा चार्जरच्या सप्लायचा मेन लाइनकडचा भाग बघा. तिथे २३० व्होल्टची वीज थेट सरळ करून सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट उभे असतात आणि तिथली 'निगेटिव्ह' जमिनीच्या पातळीला नसते. तिला चिमटा लावला की थेट शॉर्ट. प्रोब जातो, कधी स्कोप जातो.

यावर आपल्याकडचा नेहमीचा इलाज म्हणजे स्कोपच्या प्लगची तिसरी पिन कापणं. जुन्या बाजारातल्या कित्येक स्कोपांना ती नसते, त्याचं कारण हेच. शॉर्ट थांबतो खरा, पण आता स्कोपचा सगळा पत्रा जिवंत होऊ शकतो, आणि तुमचा हात नॉबवर असतो. पिन नसलेली वायर आधी बदला आणि घरातलं अर्थिंग खरं आहे की फक्त सॉकेटला तिसरं भोक आहे, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. मेन लाइनवर काम करायचं तर दुरुस्तीच्या वस्तूला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून, म्हणजे मेन लाइनशी थेट जोड तोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज द्या किंवा अर्थिंगला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा डिफरन्शियल प्रोब वापरा. जुना सीआरओ उघडताना पडदानळीच्या हजारो व्होल्टचं भान ठेवा. ते प्लग काढल्यावरही काही काळ आत टिकतात.

परदेशातून मागवावं का?

सहसा नको. अमेरिकेत वीस डॉलरला दिसणारा पंधरा किलोचा खोका इथे पोचेपर्यंत भाडं आणि कस्टम यांनी त्याची स्वस्ताई खाऊन टाकलेली असते. त्यात वापरलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणं आयात करण्यावर २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली परवानगीचं लचांड आहे. प्रोब, मॉड्यूल, सुट्या चिप अशा हलक्या गोष्टींचा विचार होऊ शकतो.

देशातल्या मालाची वाटही आता थोडी बदलते आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रयोगशाळेची उपकरणंही आली आहेत, आणि मोठ्या संस्थांनी टाकाऊ माल नोंदणीकृत व्यावसायिकांकडेच द्यायचा आहे. त्यामुळे रस्त्यावर येण्याऐवजी चालू माल डागडुजी करून, बिलासह विकणाऱ्यांकडे जास्त दिसेल. भाव थोडा चढा, पण चालू करून दाखवतील.

आणि कागद लागतोच असेल तर?

छोट्या कारखान्याला ग्राहकाच्या ऑडिटसाठी प्रमाणपत्र लागतं आणि नवं उपकरण परवडत नाही, अशी अडचण खरी असते. अशा वेळी सौदा दोन टप्प्यांत करा: थोडी रक्कम आगाऊ, उपकरण प्रयोगशाळेत, अहवाल ठीक आला की उरलेली. मुंबईत सायन-चुनाभट्टीची आयडेमी ही केंद्र सरकारची संस्था विद्युत मोजमाप-उपकरणांचंच काम करते. पुणे-नाशिककडेही एनएबीएल मान्यतेच्या खासगी प्रयोगशाळा आहेत. पाठवण्याआधी त्या मॉडेलच्या सगळ्या रेंज त्यांच्या मान्यतेत बसतात का ते विचारा. दर रेंजगणिक वाढतो, तेव्हा तुम्हाला लागणाऱ्याच रेंज करून घ्या.

अर्जात एक ओळ जरूर घाला: ॲडजस्टमेंट करण्याआधीची वाचनंही अहवालात हवीत. प्रयोगशाळेच्या भाषेत याला 'ॲज फाउंड' म्हणतात. कपाटात पाच-सात वर्षं कुणी हात न लावता पडलेलं यंत्र तेवढ्या काळात किती सरकलं, हे फक्त त्याच आकड्यांत दिसतं. ते जेमतेम सरकलं असेल, तर विकणाऱ्याला उरलेली रक्कम देताना घासाघीस करू नका.